चार ताटांचा पहारा

तंबू दोन, घरगाडी एक, चुली तीन, बादल्या पाच, माणसं अकरा आणि प्लास्टरमधला पाय एक.

एवढं वहीत लिहून सुमतीनं पेन्सिल कानामागे खोचली. १९७६ सालच्या नाताळच्या सुट्टीत तिचं कुटुंब आणि शेजारच्या गणपतरावांचं कुटुंब नागपूरहून उमरेडच्या अलीकडच्या एका जुन्या तलावाकाठी मुक्कामाला आलं होतं. घरगाडी तिच्या आनंदरावकाकांची. जुनी मिनीबस विकत घेऊन त्यांनी तिच्यात पलंग, दिवे, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बसवलं होतं. प्लास्टरमधला पाय दादाजींचा, म्हणजे सुमतीच्या आजोबांचा. दिवाळीत आकाशकंदील लावताना ते स्टुलावरून पडले होते. त्यांना पडल्या पडल्या पाणी दिसावं म्हणून काकांनी गाडी तलावाकडे तोंड करून उतारावरच उभी केली होती.

"काल सकाळी पुढच्या चाकापासून पाण्यापर्यंत सहा मीटर चाळीस सेंटिमीटर होतं," सुमती शिवणाची टेप गुंडाळत म्हणाली. "आज सहा मीटर पाच!"

"पाणी वाढलं असेल. त्यात काय!" तिचा चुलतभाऊ, आनंदरावकाकांचा मुलगा विश्वनाथ म्हणाला. तो नववीत होता, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नसे.

"डिसेंबरात? पाऊस कुठं पडला?"

"म्हशी उतरल्या असतील!" सुमतीचा धाकटा भाऊ श्रीधर ओरडला. "दहा म्हशी बसल्या की पाणी वर येणारच!"

"मग म्हशी उठल्या की खाली जाईल, शहाण्या!"

टोपलीत शिंगाडे घेऊन आलेली जयवंता खो-खो हसली. तिचे वडील शालिकराम याच तलावात मासे धरत. कालपासून ती या तिघांबरोबरच हिंडत होती.

"पाणी वाढत नाही वं," ती म्हणाली. "गव्हाले पाणी सोडून राहिले ना! रोज उतरून राहिला तलाव."

सुमतीनं काल सकाळीच पाण्यात खुणा केलेली एक काठी रोवली होती. चौघं धावत तिथं गेले. पाणी कालच्या खुणेच्या एक सेंटिमीटर खाली होतं!

"पाणी मागे सरकलं," सुमती सावकाश म्हणाली. "म्हणजे अंतर वाढायला हवं. पण ते कमी झालं. म्हणजे..."

"गाडी पुढे आली!" श्रीधर किंचाळला.

कोणीच हसलं नाही. जयवंतानं टोपली खाली ठेवली. "त्या काठाले लागूनच खड्डा हाये," ती हळूच म्हणाली. "विटांसाठी माती नेली होती गावच्यांनी. दोन पावलं आत गेलं का माणूस बुडते तिथं."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. खिडकीत दादाजींची पांढरी टोपी दिसत होती. ते निवांत वर्तमानपत्र वाचत होते.

आनंदरावकाका, गणपतराव आणि सुमतीचे बाबा जांभळाच्या झाडाखाली पत्ते खेळत होते.

"गाडी हलून राहिली?" काका हातातले पत्ते न ठेवताच म्हणाले. "सुमे, गाडी गिअरमध्ये आहे. हँडब्रेक ओढलेला आहे. चाकांना दगड आहेत. आता काहून हलेल ती, सांग बरं!"

"सुट्टीत तरी वही मीट, बेटा," बाबाही म्हणाले. "काठावर मोजताना चुकतं माणूस."

चूक? सुमतीनं वही उघडून आकडे पुन्हा पाहिले. खरंच चूक असेल तर किती बरं होईल! पण तपासायचं कसं? तिनं गाडीच्या मागे, चाकापासून ठीक एक मीटरवर, एक खुंटी ठोकली. विश्वनाथनं टायर जिथं जमिनीला टेकलं होतं तिथं खडूची रेघ मारली. तेव्हा नऊ वाजले होते.

अकरा वाजता त्यांनी पुन्हा पाहिलं. खडूची रेघ होती तिथंच होती. चाक जराही फिरलं नव्हतं.

"बघ! माझे बाबा बरोबरच सांगत होते," विश्वनाथ म्हणाला.

सुमतीनं टेप लावली. एक मीटर तीन सेंटिमीटर! तिनं पुन्हा मोजलं. मग विश्वनाथनं मोजलं. तीनच!

"चाक फिरलं नाही आणि गाडी पुढे गेली? उडत गेली काय?" विश्वनाथचा आवाज आता बारीक झाला होता.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. गाडीच्या मागच्या बाजूनं येणारा श्रीधर सपशेल चिखलात बसला होता!

"इथं चिखल कुठून आला?" सुमतीनं वाकून पाहिलं. गाडीच्या वरच्या अंगाला चादरी बांधून न्हाणीघर केलेलं होतं. त्यातलं साबणाचं पाणी उतारानं थेट मागच्या चाकांखाली जात होतं. "अकरा माणसं, प्रत्येकी दोन बादल्या, म्हणजे रोजच्या बावीस! भांड्यांचं पाणी वेगळंच!"

"काळी माती हाये ना ही," जयवंता म्हणाली. "भिजली का लोण्यावानी होते."

"म्हणून गाडी घसरतेय! दगडांसकट घसरतेय!"

ते पुन्हा झाडाखाली धावले. काकांचा चेहरा क्षणभर पडला, मग ते जोरात म्हणाले, "तीन सेंटिमीटर! तीन सेंटिमीटरांसाठी दादाजींना उठवू? त्यांना हलवायला चार माणसं लागतात!"

"मग गाडीच मागे घ्या ना, काका!"

"घेऊ संध्याकाळी," काका नजर चुकवत म्हणाले.

दादाजींनी खिडकीतून मुलांना खुणेनं बोलावलं. "सकाळपासून आतला दिवा लागत नाही," ते कुजबुजले. "दोन दिवस दिवे जाळून आनंदरावानं बॅटरी उतरवली आहे. गाडी सुरूच होत नाही, आणि ते कबूल करायची त्याला लाज वाटते. पोरी, मला तुझा हिशेब पटला. पण तुम्हा चौघांच्यानं काही मी उचलला जाणार नाही. माझा पोरगा आधीपासून हट्टी आहे. त्याच्याकडूनच कबूल करून घे."

सुमती विचार करत परत आली. "काका, गाडी हलत नाही ना? मग आपण चार ताटं मागे रचून ठेवू. दोऱ्याचं एक टोक गाडीला, दुसरं खालच्या ताटाला. पडली नाहीत तर मी वही मिटते!"

"आणि पडली तर?"

"तर लगेच दादाजींना बाहेर काढायचं!"

"कबूल! पण दोरा मी बांधणार. तुमची चलाखी नको!"

काकांनी स्वतः दोरा ताणून बांधला. उलट्या बादलीवर स्टीलची ताटं चढवली. विश्वनाथची आई, शोभाकाकू म्हणाल्या, "आता जेवू कशात, माझ्या हातात?" सगळे हसले. सुमती हसली नाही. तिनं त्या दिवशीच्या जेवणातला अर्धा रोडगा तसाच ठेवला. ती ताटांसमोर बसून राहिली. एक वाजला. दोन वाजले. दोरा वीणेच्या तारेसारखा ताठ झाला होता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी ताटं खणखणत खाली आली!

"वारा!" काका उठत म्हणाले.

"वारा नाही! झाडाचं पान हलत नाही!" विश्वनाथ वडिलांवर पहिल्यांदाच ओरडला. "बाबा, चाक बघा!"

गाडी कुरकुरली आणि सगळ्यांच्या देखत वीतभर खाली गेली. काकांच्या हातातले पत्ते गळून पडले.

"बाबा!" ते दादाजींकडे धावत सुटले.

"जयवंता, बैल!" सुमती ओरडली, पण जयवंता केव्हाच गावाकडे पळाली होती.

काका, बाबा आणि गणपतराव मागच्या दारातून आत चढले. गाडी पुन्हा कुरकुरली. "पाय सांभाळा गा!" दादाजींचा आवाज आला. पलंगाची फळी मागच्या दारातून बाहेर आली, तिच्यावर दादाजी, आणि त्यांच्या छातीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. आईनं आणि काकूंनी खालून फळी धरली. विश्वनाथ आणि श्रीधरनं मागच्या बंपरला दोर बांधून तो जांभळाच्या बुंध्याला गुंडाळला. गाडी आणखी दीड मीटर घसरली, दोर ताणला गेला, करकरला... आणि टिकला!

अर्ध्या तासानं शालिकराम दोन बैलजोड्या घेऊन आले. पुढचं चाक पाण्यापासून चार मीटरांवर होतं. "अजून एक रात्र अन् गाडी खड्ड्यात गेली असती साहेब," ते म्हणाले. "तुमच्या पोरीनं वाचवलं."

बैलांनी गाडी वर, कोरड्या मुरमाच्या सपाटीवर ओढून आणली. काका बराच वेळ चिखलाचे हात पुसत राहिले. मग ते सुमतीजवळ आले.

"बॅटरी उतरली होती. मी लपवलं," ते म्हणाले. "चुकलो मी, सुमे. तुझी वही मिटू नको."

"तुम्ही चौघं नसता तर मी पेपरासकट पाण्यात असतो!" दादाजींनी चौघांना जवळ ओढलं. "आणि ताटं रचणाऱ्या काकालाही शाबास. इतकी बिनचूक पडली!"

न्हाणीघर उताराच्या खालच्या बाजूला गेलं. सुमतीनं मागच्या चाकापासून एक मीटरवर नवी खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघांनी आळीपाळीनं टेप धरली. सुमतीनं वहीत लिहिलं: सकाळी सात, एक मीटर. संध्याकाळी पाच, एक मीटर.