ग्रहण सुटेपर्यंत

"मॅडम, डोळे मिटा! इकडं बघू नका!"

रुपालीने दचकून डोळे मिटले. दुबईतल्या रास अल खोरच्या त्या वर्कशॉपमध्ये तिचं पहिलंच पाऊल, आणि स्वागत हे असं! डोळे उघडले तेव्हा वेल्डिंगचा झगझगाट थांबला होता. तोंडावरची ढाल वर सारून मालवणचा उपेंद्र ओशाळं हसत होता.

"सॉरी. ह्या उजेडाकडं बघितलं की रात्रभर डोळे चुरचुरतात."

"मग तुम्ही रोज काय बघता?"

"काचेतून बघतो... सगळंच."

एका नव्या ग्रीक हॉटेलच्या दारावर पत्र्याचा सूर्य लागणार होता. चित्र रुपालीचं, जोडकाम उपेंद्रचं. खरं तर हे काम फोनवर भागलं असतं. पण किरण तपासायला जातीनं जावं लागतं, असं तिने बर दुबईच्या ऑफिसात ठोकून दिलं आणि जुलैच्या भाजत्या उन्हात खेपा घालत राहिली.

एकदा तिने त्याला ग्रीकांची गोष्ट सांगितली. रथातून जाणाऱ्या सूर्यावर एका मुलीचा जीव जडला. नऊ दिवस उपाशी बसून ती त्याच्याकडेच बघत राहिली आणि शेवटी तिचं फूल झालं.

"बोलली का नाही ती?" उपेंद्रने विचारलं.

"तो थांबला तर बोलणार ना!"

त्या दिवशी एक किरण वाकडा जोडला गेला.

अकरा ऑगस्टला सूर्य तयार झाला. दुपारी ग्रहण लागणार होतं. सकाळीच ठाण्याहून आईचा फोन आला होता. "दिव्यांची अवस, त्यात ग्रहण. आज कुणाला शब्द देऊ नकोस गं." रुपाली खळखळून हसली होती.

साडेतीनला ती पोचली. उपेंद्रने दोन काळ्या काचा एकावर एक धरून तिच्या हातात दिल्या. ग्रहणात तो लोखंडाला हात लावत नसे, सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता.

"ओमानात, सलालाला दोन वर्षांचं काम आलंय," तो एकदम म्हणाला. "पाच वाजता ठेकेदार गनीभाई सही मागणार. तुम्ही थांब म्हणालात तर... नाही जाणार."

रुपालीने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी तिचं लक्ष खाली गेलं.

छताच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. त्यांतून रोज जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडत. आज तिथे चंद्रासारख्या शेकडो कोरी पडल्या होत्या! जमिनीवर, भिंतीवर, पत्र्याच्या सूर्यावर, उपेंद्रच्या सदऱ्यावर. ऊन राखी झालं होतं. बाहेरचे हॉर्न थांबले, कबुतरं छपराखाली येऊन बसली. केवढा हा सूर्य, आणि तोसुद्धा झाकला जातो! रुपालीच्या अंगावर काटा आला. या अफाट आभाळाखाली आपण दोघं केवढीशी...

"बोला ना," तो कुजबुजला.

"आत्ता नाही. ग्रहण सुटू दे."

"तुम्ही हे मानता?"

"मुळीच नाही. पण हे आयुष्यभराचं आहे, उपेंद्र. यात मला जोखीम नको."

पाचला दारात गनीभाई आला. "यल्ला, चलो उपेंदर, साइन करो!"

उपेंद्रने एकवार तिच्याकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

"खलास, गनीभाई. मैं नहीं जा रहा."

गनीभाई बडबडत निघून गेला. ग्रहण सुटायला उरलेली वीस मिनिटं रुपालीला वीस वर्षांसारखी वाटली. अजून होकार मिळाला नव्हता, तरी या माणसाने दोन वर्षांची नोकरी सोडली होती! जमिनीवरच्या कोरी हळूहळू भरत गेल्या आणि शेवटी पुन्हा गोल झाल्या. दारात जाऊन तिने काचेतून वर पाहिलं. सूर्य अख्खा होता.

तिने कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात भरून त्याच्यापुढे धरलं.

"सुटलं ग्रहण. आता सांगते... थांब."

पाणी घेताना त्याचा हात तिच्या हातावरच राहिला.

"थांबलोय की," तो म्हणाला. "पहिल्या किरणापासून."