फ्यूज उडाला की...

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

रविवारची भर दुपार होती.

दादाला हॅम रेडिओचं भारी वेड. एका विधवा बाईंकडून त्याने त्यांच्या नवऱ्याचा जुना वायरलेस सेट आणला होता. चालू केला की फ्यूज उडायचा. दादा आतल्या खोलीत तो उघडून बसला होता. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो.

आतून आवाज आला... फट्!

त्याच क्षणी वहिनीचं तोंड गर्रकन फिरलं.

गालावर पाच बोटं उमटली होती.

"वन्सं... मला कोणी मारलं?"

तिथे आम्ही दोघीच होतो.

"व्हॉल्व्ह काढून बघतो गं!" आतून दादा ओरडला. "शॉर्ट तिथेच असणार!"

फट्!

वहिनी ओट्यावर आपटली. ओठ फाटला. हनुवटीवरून रक्त.

मी आत धावले. "दादा, बंद कर ते!"

"अगं, ट्रान्सफॉर्मरसुद्धा सोडवलाय. फ्यूजच्या पुढे आता काहीच जोडलेलं नाही. तरी उडतो म्हणजे काय!"

आणि नवा फ्यूज घालून त्याने बटण दाबलं.

फट्!

स्वयंपाकघरातून किंकाळी... मग कडकन हाड मोडल्याचा आवाज.

आम्ही दारात पोचलो, तर वहिनी फरशीवरून फरफटत येत होती. केस वर ताणलेले... मुठीत धरल्यासारखे.

धरणारं कुणीच नव्हतं.

दादाने प्लग उपटला.

फरफट थांबली नाही.

बंद सेटच्या स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला... "पुन्हा हात लावलास?"

दादाने हातोडा उचलला आणि सेटचा चुराडा केला. केस सुटले. वहिनीचं डोकं दाणकन फरशीवर आदळलं.

दवाखान्यातून मी त्या बाईंना फोन लावला. सेट नेणाऱ्यांची बहीण बोलतेय, एवढंच सांगितलं.

त्या हळूच म्हणाल्या, "कुठे कुठे लागलंय तिला?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"फ्यूज उडाला की ते मला मारायचे. म्हणायचे, तूच काहीतरी केलंस. मला वाटलं हो, ते गेले म्हणजे संपलं..."

डॉक्टरांनी दादाकडे रोखून पाहिलं. वहिनीला विचारलं, "कोणी मारलं?"

"पडले," वहिनी म्हणाली.

दुसरं काय सांगणार होती?

तिचा हात आता जुळलाय. दादाने आजवर कुणावर आवाजही चढवलेला नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी फळीवरचा डबा काढायला त्याने हात वर केला, की ती चटकन डोकं झाकते.

मग तो डबा तसाच ठेवून बाहेर निघून जातो.

आणि वहिनी तो गेल्यावरही हात खाली घेत नाही...