बसवलेलं हलवलं

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ठामपणे काही सांगायची मला सवय नाही. सगळी नोकरी कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकांवर नंबर चिकटवण्यात गेली. चष्मा काढला तर समोरचा माणूस ओळखू येत नाही. पण त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता.

गाव खटकचिंचोळी, तालुका भालकी. मागच्या वर्षीची अनंत चतुर्दशी.

रात्र नव्हती. भर दुपार होती. अंगणात ऊन होतं, गल्लीत ढोल वाजत होता.

थोरले भाऊ रामराव गेल्यापासून मी त्यांच्याच घरी राहतो. घरात भावजय राजूबाई, धाकटा पुतण्या प्रशांतकुमार, आणि थोरल्या पुतण्याची विधवा, शिवकन्या.

थोरला पुतण्या शिवराज मुडबीच्या फाट्यावर एका भांडणात मेला. कुणीतरी लोखंडी गजानं त्याचं डोकं फोडलं. आम्ही पोचलो तेव्हा ओळखायला फक्त शर्ट उरला होता.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये. पण तो बायकोला मारायचा.

कारण लागायचं नाही. तो तासन्तास कॉम्प्युटरवर मारामारीचा एक गेम खेळायचा. त्यात समोर येईल त्याला लोळवायचं, एवढंच काम. हरला की उठून आत जायचा. मग गेममधले आवाज कोणते आणि आतले कोणते, ते कळायचं नाही.

तो मेल्यावर घर निवांत होईल असं वाटलं होतं.

झालं उलटं.

सकाळी उठल्यावर शिवकन्येच्या दंडावर वळ दिसायला लागले…

बोटांचे.

एकदा तर कान फाटला होता. ती एकटीच झोपलेली, दाराला आतून कडी. काही महिने असं चाललं आणि मग आपोआप थांबलं. आपोआप, असं निदान मला वाटलं होतं.

पोरगी हळूहळू बोलायला लागली, हसायला लागली. राजूबाईनंच मग विषय काढला, की प्रशांतनं तिच्याशी लग्न करावं. दोघांची ना नव्हती. गणपती झाले की देवळात चार माणसांत उरकायचं ठरलं.

प्रशांत मऊ स्वभावाचा. भावाची बायको करून घेतोय, हे त्याच्या मनाला लागत असावं. शिवराजचा कॉम्प्युटर त्यानं तसाच जपला होता. त्याची जुनी हार्ड डिस्क आता कटकट वाजायला लागली होती. ती कधीही बंद पडेल म्हणून त्यानं नवी एसएसडी आणून बसवली.

मी शेजारीच वाचत बसलो होतो. तो म्हणाला, "काका, अण्णाची येवढी एकच वस्तू ऱ्हायलीय. त्याचा गेम. डी ड्राइव्हवर हाय, तो नव्या ड्राइव्हवर हलवायलोय. लग्नाच्या आधी तेवढं नीट ठेवतो."

मी विचारलं, नुसतं उचलून तिकडं टाकता येत नाही का? तो हसला. म्हणाला, गेम असा उचलला तर चालत नाही, त्याला आपली जागा पाठ असते. बसवलेला गेम हलवायची वेगळी सोय असते, तिथूनच हलवावा लागतो.

मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. आईच्या कानावर घालावं म्हणून त्यानं तिथूनच हाक मारली.

"आई, बसवलेलं हलवू का गं?"

राजूबाई मागच्या अंगणात भांडी घासत होती. ढोल दारापर्यंत आला होता. तिकडून तिचा आवाज आला.

"अक्षता टाक अन् हलव की. विचारायलास कामून?"

ती गणपतीचं बोलत होती. बैठकीत आमचा गणपती होता, उत्तरपूजा राहिली होती. पूजा झाली की अक्षता टाकायच्या आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. हलवली की देव तिथून सुटला, असं आपण मानतो.

प्रशांतला हसू आलं. "आई बी काय हाय बघा," असं म्हणत त्यानं पूजेच्या ताटातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या आणि खरंच कॉम्प्युटरच्या डब्यावर टाकल्या.

मग बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. जुनी डिस्क कटकट करत होती. पट्टी निम्म्यावर आली…

आणि लाइट गेली.

मिरवणुकीतल्या उंच मूर्ती तारांना लागू नयेत म्हणून त्या दिवशी लाइन काढतात. पडदा काळा झाला. पंखा थांबला.

पण ढोलसुद्धा थांबला.

लेझमाचा आवाज नाही. पोरांचा ओरडा नाही. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर माणसं नाचत होती. हात ढोलावर पडत होते.

आवाज मात्र येत नव्हता…

तेवढ्यात शिवकन्या दारात आली. हातात गणपतीच्या शिदोरीचं ताट. दहीपोहे होते.

ती काहीतरी बोलणार होती.

तिचं तोंड एकदम उजवीकडं फिरलं.

ताट फरशीवर पडलं. त्याचा आवाज आला नाही. आवाज आला तो कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून…

धप्प.

लाइट नव्हती. स्पीकरचा दिवाही बंद होता.

धप्प.

ती पोट धरून वाकली. तिच्या ओठातून रक्ताची तार लोंबत होती. तिनं वर पाहिलं. आमच्याकडं नाही, तिच्या समोर जिथं कुणीच नव्हतं, तिथं. ती त्याला ओळखत होती.

"न्हाई," ती हळू म्हणाली. "आता न्हाई."

धप्प. धप्प. धप्प.

प्रत्येक आवाजाला तिचं अंग उडत होतं. केस मागून ओढल्यासारखी मान वर गेली, आणि कपाळ चौकटीवर आदळलं. परत ओढली. परत आदळलं. चौकटीवरचं आंब्याच्या पानांचं तोरण लाल झालं.

प्रशांत धावला. त्यानं तिला पोटाशी धरलं आणि पाठ बाहेर केली. मग घाव त्याच्या पाठीवर पडायला लागले. मला त्याचा शर्ट आत दबताना दिसत होता. त्याचा उजवा हात कुणीतरी मागं नेला. तो सोडवायला बघत होता. हात वर वर जात राहिला…

काटकी मोडावी तसा आवाज आला. स्पीकरमधून नव्हे. त्याच्या हातातून.

मी उठून स्पीकरची वायर उपटली. हे मला नीट आठवतं. वायर माझ्या हातात होती.

धप्प.

मागच्या दारातून राजूबाई आली. आधी तिनं पोरांकडं पाहिलं, मग कॉम्प्युटरवरच्या अक्षतांकडं. हात राखेनं भरलेले तसेच होते.

"काय हलवलास रं?" तिनं विचारलं. "मी गणपतीचं म्हणले हुते."

मग ती माझ्याकडं वळली, भिंतीशी बोलावं तसं भराभर बोलली. शिवकन्येचे वळ वाढले तेव्हा तिनं औरादकडचा एक जाणता माणूस गुपचूप आणला होता. त्यानं विचारलं, पोराचा जीव कशात होता? तिनं हा डबा दाखवला. मारायचीच हौस असेल तर आतच मारत बसू दे, असं म्हणून त्यानं शिवराजला तिथं बसवलं. एकच अट घातली होती. बसवलेलं हलवायचं नाही.

ती खाली बसली. डब्यासमोर पदर पसरला.

"बस, शिवा," ती म्हणत राहिली. "बस. बस बाबा…"

खाली बस म्हणत होती की पुरे म्हणत होती, मला अजून कळलेलं नाही.

घाव थांबले.

मग लाइट आली. पंखा फिरायला लागला. ढोल एकदम इतक्या जोरात कानावर आदळला की मी ओरडलो.

शिवकन्येचे पुढचे दात गेले. जबडा तारेनं बांधावा लागला. प्रशांतचा हात दोन जागी मोडला होता. दवाखान्यात आम्ही मिरवणुकीत चेंगरल्याचं सांगितलं. डॉक्टरांना ते पटलं नसावं. मलाही खोटं नीट बोलता येत नाही.

प्लास्टर घालून आल्यावर प्रशांत डाव्या हातानं कॉम्प्युटर उघडून बसला. गेम होता तिथं परत ठेव, असं राजूबाईचं म्हणणं होतं.

तो बराच वेळ शोधत होता. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, डी वर न्हाई. नव्यावर बी न्हाई."

त्यानं पुन्हा एकदा शोधलं.

"मग गेलं कुठं?"

शिवकन्येचा भाऊ येऊन तिला माहेरी, चिंताकीला घेऊन गेला. लग्न पुढं ढकललं. आमचं घर तेव्हापासून निवांत आहे. मी रोज कान देऊन ऐकतो. भांड्याला भांडं लागतं, पाल चुकचुकते, बाकी काही नाही.

दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला. जबडा अजून पुरता उघडत नव्हता, शब्द चोखून आल्यासारखे येत होते. तिनं प्रशांतच्या हाताची चौकशी केली. मग विचारलं, "मामा, घरात आवाज येतोय का अजून?"

मला तिला धीर द्यायचा होता. मी आनंदानं सांगितलं, "न्हाई गं पोरी. एकदासुद्धा न्हाई. पार बंद झालं."

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता.

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई."

तिनं फोन ठेवला.

मी चुकीचं बोललो का, ते मला ठरवता येत नाही. त्यानंतर मी केलेले फोन तिनं उचलले नाहीत. परवा तिच्या आईनं उचलला. म्हणाल्या, पोरगी झोपलीय, पुन्हा लागलंय तोंडाला. पहाटे न्हाणीत गेली अन् अंधारात दार लागलं.

मी बरं म्हणालो. काळजी घ्या म्हणालो.

तिला बघायला आम्ही गेलो होतो, तेव्हा त्या न्हाणीत मी हातपाय धुतले आहेत.

न्हाणीला दार नाही. गोणपाटाचा पडदा आहे.