ओचा आणि बळपट्टा

हौसाक्का चौगुल्यांनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोवला, त्यावर बळपट्टा चढवला आणि त्याला रोजच्यासारखी शिवी हासडली, "मेल्या, आज तरी लाज राख!"

प्रसंगच तसा होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची यंदापासून उठबस चाचणी होणार होती. पट्टा काढून, हात न टेकता, अर्ध्या मिनिटात आठ वेळा खुर्चीतून उठायचं. नवरा-बायकोंपैकी एक जरी नापास झालं, तर पायऱ्यांचं घर सोडून दोघांनी तालुक्याच्या ज्येष्ठसदनात जायचं. आणि चौगुल्यांच्या घराला पायऱ्या होत्या एकतीस!

बळपट्टा कंबरेपासून गुडघ्यापर्यंत यायचा. तो कृत्रिम स्नायूंच्या दोऱ्यांनी विणलेला होता. मांडीनं जरा जोर केला, की दोऱ्या आखडून माणसाला अलगद वर उचलायच्या. पट्टे आल्यापासून चार महिन्यांत गावची म्हातारी माणसं नुसती पळायला लागली होती. हौसाक्कांचे यजमान बळवंतराव तर शीळ घालत पायऱ्या चढायचे. हौसाक्का मात्र घामाघूम.

"तुझंच वय झालंय गं!" ते वरून चिडवायचे.

बाई मनातून पार खचल्या होत्या. तरी खालच्या परसातली वांगी आणायला दात-ओठ खात दिवसातून तीनदा चढ-उतर करायच्याच.

दवाखान्यात डॉक्टर मृण्मयी कुरणेंनी दोघांचे पट्टे उतरवले. आधी हौसाक्का. त्यांनी डोळे मिटले, जोर लावला आणि खुर्चीतून अशा उसळल्या, की समोरच्या टेबलावर आदळता आदळता राहिल्या.

"अगंबाई! हे काय झालं?"

आठ कसले, सतरा वेळा उठल्या! डॉक्टर डोळे विस्फारून बघत राहिल्या.

"आक्का, पट्टा घालून दाखवा बरं. अहो, बक्कल मागं कसं?"

"पुढं माझा ओचा येतो की. टोचायचं मेलं. म्हणून पहिल्या दिवशीच फिरवून घेतला."

डॉक्टर आनंदानं जवळजवळ ओरडल्याच. "पुढची बाजू पट्टा बक्कलवरून ओळखतो! तुम्ही उठायला गेलात की तो तुम्हाला खाली ओढत होता. चार महिने त्याच्याशी झुंजलात, आक्का! मांडीला ओझं मिळालं की ती शहात्तराव्या वर्षीही भरते, हे बघा!"

मग बळवंतराव बसले. त्यांच्या मांड्यांना चार महिने कामच नव्हतं. एकदा, दोनदा प्रयत्न केला; तिसऱ्यांदा हात टेकावा लागला. शीळ घालणारा माणूस रडवेला झाला.

"तीन महिन्यांनी फेरचाचणी घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टा उलटा घाला, पण ओढ अगदी हलकी ठेवून."

घराच्या पायथ्याशी हौसाक्कांनी स्वतः बळवंतरावांचं बक्कल मागं लावलं.

"अगं, पडलो म्हणजे?"

"मी आहे की मागं. चढा!"

एक पायरी. दुसरी. चौथीला बळवंतराव कठडा धरून थांबले. छातीचा भाता झाला होता, पण मांडीत काहीतरी जागं झाल्यासारखं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी पाय स्वतःचे वाटले.

"घाला की शीळ आता!" हौसाक्का खालून म्हणाल्या.

बळवंतरावांना हसू फुटलं. वर सत्तावीस पायऱ्या उरल्या होत्या, हातात तीन महिने होते.

"हौसा," त्यांनी पाचवीवर पाय ठेवत विचारलं, "जमेल गं मला?"