शेवटची वाफ

मित्रद्रोहासारखे पातक नाही. परंतु पुराव्यावाचून त्याचा आळ एखादीच्या माथी मारणे, हेही लहान पातक नव्हे.

पुढे सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे. विश्वास ठेवणे आपल्या हाती.

मिशिगनच्या उत्तर टोकाला आम्हा फिनिश वंशाच्या लोकांचे गाव. नोव्हेंबरातला शनिवार. तिन्हीसांजेची वेळ. तळ्याकाठचे सौना, आमचे वाफेचे न्हाणीघर, चांगले तापले होते.

माझी चुलत बहीण वर्ना आणि तिची मैत्रीण एल्मा उभा जन्म तिथे एकमेकींची पाठ चोळत एकत्र न्हात आलेल्या. दोघींना रहस्यकथांचे वेड. पुस्तक अर्ध्यावर येण्याआधीच एल्मा म्हणे, "मैत्रिणीनंच मारलंय गं. नेहमीचंच."

त्याच वर्षी उन्हाळ्यात तळ्यावर दोघींची होडी उलटली. एल्मा बुडाली. वर्ना निखळलेल्या खांद्यानिशी काठाला लागली.

गावाला शेवट आधीच पाठ होता.

"दोघी गेल्या, एक आली," शेजारीण आयरीन त्या शनिवारी सौनात म्हणाली. "शेवट कळायला पुस्तक कशाला वाचायला हवं?"

"वाच गं तू," वर्ना म्हणाली. "डोक्यात काहीतरी नवीन तरी शिरेल."

आमच्यात शेवटची वाफ मृतांची. सर्वांचे न्हाणे आटोपले की तापल्या दगडांवर उरलेले पाणी ओतायचे, दार लोटायचे आणि निघायचे. त्या वाफेत जिवंत माणूस बसत नाही.

मी पाणी ओतले. रिकामी बादली उचलली.

वर्ना हलली नाही.

"वर्ना, चल बाहेर. हे बरं नाही."

"मी तिचं वाईट केलं असेल, तर तिनं येऊन सांगावं. आयरीननं नव्हे. दार लाव."

मी दार लावले. आयरीन आणि मी बाहेर उभ्या राहिलो.



लाटांचाही आवाज थांबला होता.

आणि मग आत... चर्र...

दगडांवर पाणी पडले होते.

"आत पाणी ठेवलंयस?" आयरीनने हळूच विचारले.

बादली माझ्या हातात होती.

पुन्हा... चर्र...

वर्ना बोलू लागली. मधेच थांबे. जणू कोणाचे ऐकून घेत असावी... दुसरा आवाज मात्र येत नव्हता.

मग ती हसली. मनापासून.

दार उघडले. वर्ना एकटीच बाहेर आली, टॉवेल घ्यायला वळली...

तिच्या पाठीच्या मध्यावर साबणाचा ताजा फेस होता. तिथवर तिचा हात पोचणे शक्यच नव्हते.

आयरीन दारापासून मागे सरली. "काय... काय म्हणाली ती?"

"आत जाऊन विचार," वर्ना म्हणाली. "वाफ आहे अजून."

आयरीन गेली नाही.

ती पाठ मैत्रीने चोळली गेली, की क्षमेने... आणि क्षमेने, तर ती कशाची? मला आजही ठाऊक नाही. शनिवारी दगड चरचरले की माझा हात थांबतो.

एल्मा जिथे असेल तिथे तिला ऊब लाभो. वर्नाला निर्भय निद्रा लाभो. आणि आयरीनलाही ईश्वर एखादी मैत्रीण देवो.