न वाळणारी भिंत

शलमोन पहिल्यांदा भेटला तेव्हा मी गुडघाभर चिखलात उभी होते. लुगडं वर खोचलेलं, कपाळावर मातीचा फराटा, आणि डोकं उन्हापेक्षा जास्त तापलेलं. चिखल तुडवायला एक माणूस पाठवते असं दया आत्या आदल्या दिवशी म्हणाली होती आणि त्या माणसाचा दहा वाजून गेले तरी पत्ता नव्हता. तेवढ्यात कुंपणापाशी एक उंच, सावळा तरुण येऊन थांबला. खांद्याला पिशवी, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या.

"याकोब मास्तरांचं घर हेच का?"

"हेच. आणि उशीर केलात. चपला काढा, उतरा खाली."

तो जरा घुटमळला. मग मुकाट्यानं चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि उतरला. तासभर आम्ही दोघं तुडवत होतो. मी फर्मानं सोडत होते - इकडे भुसा टाका, टाच दाबून द्या, मधे सोडू नका - आणि तो "व्हय जी, व्हय जी" करत ऐकत होता. दया आत्या भाकरी घेऊन आली ती आम्हांला बघून दारातच थबकली.

"अगं बये! हा गवंडी हाय आपला. माझ्या धाकट्या दिराचा शलमोन. ह्याला चिखलात कशापायी घातला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र पाय झटकत शांतपणे म्हणाला, "असू द्या, काकी. मालकीणबाईंनी सांगितलं तसं केलं. पन माती लई झ्याक मळलीया." आणि माझ्याकडे बघून हसला... एवढंसंच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. तिथेच माझं बिनसलं असावं.

सन शेहेचाळीसचा उन्हाळा होता. लढाई संपली होती आणि माझा थोरला भाऊ डेव्हिड पलटणीतून सुटून घरी येणार होता. जूनच्या मध्यावर त्याचं लग्न ठरलं होतं. घराची मागची भिंत पोटुशा बाईसारखी फुगली होती, तिच्यामागे सून आणायची कशी? बाबांना मिशनच्या शाळेचं जेमतेम पेन्शन. मग सगळा गोतावळाच कामाला जुंपला. दोन्ही काकांनी ती भिंत उतरवली आणि पडक्या विहिरीचे दगड गाडीनं आणून जोतं नीट केलं, आत्यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून पाट्या पाट्या माती वाहिली, आई सगळ्यांच्या भाकरी थापत राहिली. विकत घेतली ती एकच गोष्ट, नगरच्या जुन्या बाजारातली सागवानी चौकट. तीही सगळ्यांनी मिळून. गवंडीसुद्धा नात्यातलाच बघितला, म्हणजे दोन वेळचं जेवण आणि शेवटी धोतरजोडी, एवढ्यावर काम भागावं.

शलमोन आत्याकडे उतरला होता. रोज सकाळी यायचा, बाबा छोटीशी प्रार्थना करायचे, आणि काम सुरू व्हायचं. मातीची भिंत एका दमात चढवता येत नाही. हातभर उंचीचा एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मगच दुसरा. वाळला की नाही ते तो अंगठा दाबून बघायचा.

"अंगठा रुतला तर थांबायचं," तो मला सांगे. "न्हाई रुतला तर पुढचा थर. भितीला घाई केली की ती राग धरती, लिडियाबाई."

"आणि तुम्हांला कुणी घाई केली की?"

"मला?" ओळंब्याची दोरी गुंडाळत तो म्हणायचा, "मला कुनी घाई केलीच न्हाई अजून..."

असं काहीतरी बोलायचा आणि थापी उचलून कामाला लागायचा. मी पाण्याची घागर उचलून नुसतीच फिरत राहायची, पाणी द्यायचं विसरून.

एकदा त्यानं मला भिंतीजवळ बोलावलं. "हात वर करा जरा."

"कशाला?"

"करा तर."

मी हात वर केला. माझ्या बोटांच्या टोकाशी त्यानं थापीनं खूण केली. त्याचा हात माझ्या हाताला लागला नाही, पण लागेल की काय म्हणून मी श्वास रोखून धरला होता. "इथं कोनाडा करतो," तो म्हणाला. "तुमची फणी, तुमचं देवळातल्या गायनांचं पुस्तक. दुसऱ्या कुनाच्या हाताला बराबर येनार न्हाई." घर खरं तर वहिनीसाठी चाललं होतं. पण त्या दिवशी ते मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती, माझीसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी त्यानं जेवताना सहज सांगितलं. बेलापूर रोडला एका व्यापाऱ्याचं मोठं गोदाम उठणार होतं, विटा-चुन्याचं. एक जूनला हजर झाला तर त्याला मुकादम नेमणार होते. बाबांनी त्याचं कौतुक केलं.

"मग इकडे परत येणं नाही?" ताक वाढताना मी हळूच विचारलं.

"घर पुरं झाल्यावर इथं गवंड्याचं काय काम?" असं म्हणून तो हसला आणि माझ्याकडे बघत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. ते बघणं मला कळायला हवं होतं. मी फक्त शब्द ऐकले, आणि ते चांगले लक्षात ठेवले. घर पुरं झालं की हा जाणार. म्हणजे घर पुरं होता कामा नये.

खरं सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते. त्या दुपारी सगळे लिंबाखाली आडवे झाले असताना मी घागर घेऊन मागे गेले आणि त्या दिवशीच्या ओल्या थरावर ओंजळ ओंजळ पाणी शिंपडलं. संध्याकाळी शलमोननं अंगठा दाबला. रुतला. "उद्या बघू," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की आईनं न सांगता मी दळण काढलं.

मग तो माझा रोजचा उद्योग झाला. वैशाखातलं पाणी, विहीर अर्ध्या कोसावर, आणि मी ते भिंतीला पाजत होते.

"हंडा रिकामा कसा गं झाला?" आई विचारायची.

"तहान लागली होती."

"तू माणूस आहेस का म्हैस?"

शलमोनही चक्रावला होता. "लई भिती बांधल्या, पन ही न्यारीच. वाळतच न्हाई."

"तिला गवंडी आवडला असेल," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

तो वळला नाही. पण त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसले. "आसं आसंल तर," तो भिंतीलाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "तिनं लवकर वाळावं. मंग तिचंच भलं हाय..." मी वेडी, मला त्यात नुसती थट्टा दिसली.

भिंत चढत गेली, माझा हात वर पोचेना. मग मी घागरी भिंतीच्या पायथ्याशी ओतू लागले, आतल्या बाजूनं, जिथे ऊन कधी पोचत नसे. वाटायचं, ओल आपोआप वर चढेल. दिवसाला तीन घागरी. पण ओल वर चढली नाही. वरचा थर उन्हात खडखडीत वाळायचा, अंगठा रुतायचा नाही, आणि एक जून जवळ येत होता म्हणून शलमोन भराभर पुढचे थर चढवत गेला.

सव्वीस मेच्या सकाळी भिंत पडली. प्रार्थना नुकतीच संपली होती. आधी धप्प असा एकच आवाज झाला, मग धूळ. भिंत कोसळली ती नेमकी खाली ठेवलेल्या सागवानी चौकटीवर, आणि चौकटीचे दोन तुकडे झाले. नशिबानं माणूस कुणी जवळ नव्हतं.

थोरले काका त्या तुकड्यांकडे बघत म्हणाले, "हाताला यश लागतं. ते दुकानात मिळत न्हाई."

शलमोन खाली बसला. पडलेल्या मातीचं एक ढेकूळ त्यानं मुठीत दाबलं, ते लाडवासारखं वळलं. त्यानं आतल्या बाजूची जमीन बघितली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझ्या कमरेवरच्या घागरीकडे बघितलं. तो बघतच राहिला. मी खाली मान घातली.

"माझीच चूक हाय, मास्तर," तो अखेर म्हणाला. "माती भिजायला कमी पडली. मी पुन्हा बांधून देतो."

सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि मी गप्प होते. "पाणी मी ओतलं" एवढंच म्हणायचं होतं. पण त्या वाक्याला शेपूट होतं. का ओतलं, असं कुणीतरी विचारलंच असतं, आणि दोन काका, तीन आत्या, आईबाप यांच्या देखत अठरा वर्षांच्या मुलीनं काय सांगायचं होतं?

त्यानं दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली. थट्टा नाही, गाणं नाही. मी पाणी नेऊन द्यायची, तो घ्यायचा आणि थोडा वेळ तांब्या हातात धरून उभा राहायचा, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग तांब्या परत द्यायचा. एक जून आला आणि गेला.

त्याच आठवड्यात दया आत्या बाबांकडे आली. मी चुलीपाशी पीठ मळत होते, सगळं ऐकू येत होतं.

"दादा, बोलू का नको आसं झालंय. घर पुरं झालं की लिडियाला मागनी घालायची, आसं त्या पोरानं पहिल्या आठवड्यातच मला सांगून ठेवलं हुतं. मुकादम झालो की घाला म्हनला हुता."

"मुलगा गुणाचा आहे, दया," बाबा म्हणाले. "पण ज्याच्या हातची भिंत पंधरा दिवस उभी राहिली नाही, त्याच्या हातात मुलगी कशी देऊ?"

माझे हात पिठात तसेच राहिले. घर पुरं होऊ नये म्हणून मी पाणी ओतत होते, आणि तो घर पुरं होण्याची वाट बघत होता, माझ्यासाठी. उठून चार पावलं टाकली असती तर सगळं निस्तरलं असतं. मी उठले नाही. भाकऱ्या भाजल्या, एकही करपली नाही, इतकी मी शहाणी झाले होते.

बारा जूनला भिंत पुरी झाली. तुटलेली चौकट त्यानं लोखंडी पट्ट्या ठोकून बसवली. आभाळ भरून आलं होतं. तो ओळंबा, थापी पिशवीत भरत होता आणि घरात कुणी नव्हतं. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"शलमोन... भिंत तुमच्यामुळे पडली नाही."

"ठावं हाय."

"कसं?"

"आतली माती पार पायापतूर वली हुती. आन् तुमच्या घागरीच्या बुडाला पांढरीची माती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं पिशवीचा बंद आवळला. पुन्हा सोडला. पुन्हा आवळला.

"तुमी बोलाल म्हनून थांबलो हुतो. रोज सकाळी वाटायचं, आज बोलतील."

"मी आत्ता सांगते बाबांना. आत्ता जाते..."

"नगा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तिकडं दुसरा मुकादम लागला. मास्तरांचं काकीला न्हाई म्हनून झालंय. आता सांगून तुमालाच बोल लागंल. आन् मी कंच्या तोंडानं पुन्हा मागू?" कुंपणापाशी जाऊन तो क्षणभर थांबला. "पानी मातर तुमी लई मनापासून घातलं, लिडियाबाई," तो म्हणाला, आणि त्याच जुन्या पद्धतीनं, कोपऱ्यातून, हसला.

तो गेल्यावर मी मागे गेले. नव्या भिंतीत कोनाडा होता. या वेळी त्यानं मला हात वर करायला सांगितलं नव्हतं. मी हात वर केला, तर बोटं नेमकी तिथेच टेकली. मग मात्र मी रडले.

माझं लग्न पुढच्या नाताळात झालं, नगरला, एका शाळामास्तरांशी. माणूस भला आहे, माझी तक्रार नाही. शलमोन मनमाडकडे रेल्वेच्या कामावर गेल्याचं कानावर आलं, त्यापुढे काही नाही. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी मी माहेरी जाते आणि मागची भिंत मीच लिंपते. वहिनी म्हणते, वन्संना घराची भारी माया. कोनाड्यात तिची फणी असते. ती घेताना तिला टाचा वर कराव्या लागतात.

यंदा मी लिंपत असताना बाबा बाजेवर बसून बघत होते. "तीन पावसाळे झाले," ते म्हणाले, "एक भेग नाही. त्या पोराच्या बाबतीत माझं चुकलं, लिडिया."

माझ्या हातातला लिंपणाचा गोळा खाली पडला. मी हात धुतले नाहीत, तशीच त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. घागरी, दुपारी, सगळं.

"का ओतलंस?" त्यांनी विचारलं.

"तो जाऊ नये म्हणून."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. "तेव्हा सांगितलं असतंस तर मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नसतो."

"आणि मग?"

"मग दयाला बोलावून घेतलं असतं."

भिंत अर्धीच लिंपून झाली होती. उन्हं उतरायच्या आत उरलेली लिंपायला मी उठले.