डाव्या पेडलची तक्रार

"पेडल नवंकोरं टाकलंय. आता आवाज यायची बिशाद नाही!" सायकल दुरुस्त करणारा छातीठोकपणे म्हणाला.

ती दुकानासमोर एक चक्कर मारून आली. खट्... खट्...

टपाल वाटणाऱ्या त्या मुलीची ही तिसरी खेप. तिला हसू आवरेना. तो मात्र हट्टाला पेटला. सायकल स्टँडवर लावून त्याने पेडल हाताने फिरवलं — चिडीचूप. तिला बसवलं — खट्! तो रस्त्यावरच उकिडवा बसला, कान लावून.

"राग मानू नका... आवाज सायकलचा नाहीये. तुमच्या गुडघ्याचा आहे."

ती कानापर्यंत लाल झाली. "लहानपणापासून वाजतो. हल्ली अडकतो, दुखतो... पण घरी नाही सांगितलं. ऑपरेशन म्हणतील!"

"पण आत काय आहे ते बघावंसं नाही वाटत? मला तर राहवणार नाही बुवा."

मग तिलाही राहवेना. डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो दाखवला. गुडघ्यातली कूर्चेची गादी चंद्रकोरीसारखी हवी. हिची जन्मापासून अख्खी गोल चकती, शिवाय कडेला फाटलेली. ती तडक दुकानात गेली.

"डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने मधला भाग कातरायचा, कड शिवायची."

"सगळीच काढली तर?"

"हाडावर हाड घासेल."

"डॉक्टर माझ्यापेक्षा हुशार दिसतोय."

"थोडासाच," ती म्हणाली.

शेवटी तिने घरीही सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी कंबरेखाली बधिर होऊन ती पडद्यावर स्वतःचा गुडघा पाहत होती. भीती होतीच. पण प्रत्येक गोष्ट ती नीट लक्षात ठेवत होती — त्याला सांगायला. हे ध्यानात आलं, आणि भीतीतही तिला हसू आलं...

खोलीत आणल्यावर आई म्हणाली, "बाहेर एक जण सकाळपासून बसलाय. सायकलवाला म्हणे. त्याचं इथं काय काम गं?"

तो आत आला. हात घासून धुतलेले, नखांत तरीही काळं.

"कसं दिसतं आत?"

"पांढरंशुभ्र... पाण्यात तरंगल्यासारखं." ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला. सगळं सांगून झालं.

"संपले प्रश्न?" तिने विचारलं.

"एक आहे... सायकल बिघडली नाही, तरी — तू येशील दुकानात?"

त्या 'तू'वर आई एकदम खिडकीबाहेर पाहू लागली.

"सहा आठवडे मला कुठं जाता येणार नाही," ती हळूच म्हणाली. "तोवर... तूच येत जा."